माळवदापासून कोब्यापर्यंत : जुन्या इमारतींची दुहेरी दुरुस्ती

इमारतीत उष्णता शिरू न देणे आणि भूकंपात तिला उभी ठेवणे ही दोन कामे आजवर दोन वेगळ्या विद्याशाखांकडे सोपवली गेली आहेत. पहिले काम वास्तुविशारद आणि वातानुकूलनाचे तज्ज्ञ पाहतात, दुसरे संरचना अभियंते. दोघांची पुस्तके निराळी, मानके निराळी आणि बहुतेक वेळा कंत्राटदारही निराळे असतात. प्रत्यक्षात मात्र दोघांचेही हात छप्पर, बाहेरच्या भिंती, खिडक्यांच्या मोकळ्या जागा आणि या सर्वांना जोडणारे सांधे या मोजक्याच भागांवर पडतात, आणि म्हणून एकाने केलेली सुधारणा दुसऱ्याच्या कामाला पोषक तरी ठरते किंवा मारक तरी. तटस्थ ती क्वचितच राहते. जुन्या इमारतींच्या बाबतीत हा संबंध अधिकच घट्ट असतो, कारण तेथे सर्व काही नव्याने आखण्याची मुभा नसते आणि जे उभे आहे त्यालाच हात घालावा लागतो.

या संबंधाचे मूळ वजनात आहे. जमीन हलू लागली की पाया तिच्याबरोबर सरकतो, वरचे बांधकाम जडत्वामुळे आहे तेथेच राहू पाहते, आणि या ओढाताणीत भिंतींवर आडवे बल येते. ते ढोबळमानाने वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराइतके असते. घर जितके जड, आणि ते वजन जितके उंचावर, तितका भूकंपाचा फटका मोठा. उष्णतेच्या बाबतीत हेच वजन उपकारक ठरते. दगड, माती, वीट यांचे जाड थर दिवसभराचे ऊन पोटात साठवून घेतात आणि ते आत पोचेपर्यंत रात्र होते. या गुणाला औष्णिक वस्तुमान म्हणतात. हलकी उष्णतारोधक द्रव्ये उपलब्ध नव्हती तोवर उन्हावर जाडी हाच सर्वांत खात्रीचा इलाज होता, आणि दख्खनच्या पठारावरील घरबांधणीने तो मनापासून स्वीकारला होता.

मराठवाड्यातील माळवदाचे घर हे त्याचे ठळक उदाहरण होय. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर पाणी सहजी झिरपू न देणाऱ्या पांढऱ्या मातीचा थर, अशी या सपाट छपराची रचना असते. उजेड आत येण्यासाठी आणि चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी त्यात सवणे ठेवलेले असते. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या आणि दोन-तीन फूट जाड असतात. बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत वस्तुतः दोन पातळ भिंतींची जोडी असते, कारण आतले आणि बाहेरचे दगड वेगवेगळे रचून मधली पोकळी लहान दगड, चिपा आणि मातीने भरलेली असते, आणि दोन्ही बाजूंना गाठणारा आरपार दगड फार थोड्या ठिकाणी आढळतो. छपराची माती दर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त केली जाई, आणि दुरुस्ती म्हणजे जुन्यावर नवी माती पसरणे असल्यामुळे पिढ्या उलटतील तसा थर चढत जाई. अनेक घरांत तो दोन फुटांवर गेलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, म्हणजे जागतिक मोजपट्टीवर मध्यमच. तरीही किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात गेला. उथळ केंद्र, झोपेची वेळ आणि माळवदाची घरे ही तीन कारणे एकत्र आली. भिंतींचे बाहेरचे पापुद्रे सुटून पडले, मधली भरण ओघळली, आणि वरची माती आत झोपलेल्यांवर आली. काही घरांत मात्र भिंती कोसळूनही छप्पर लाकडी खांबांवर टिकून राहिले; लाकडी सांगाडा भिंतीच्या आधारावाचून उभा राहू शकतो हे त्यातून दिसले, आणि पुढील दुरुस्तीच्या दृष्टीने ही बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट होती.

माळवदाच्या वजनाचा हिशेब मांडून पाहणे बोधप्रद आहे. दाबलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो धरले, तर ६० सेंटीमीटरच्या थराचे दर चौरस मीटरला ९६० किलो होतात, म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीवर साडेदहा टनांहून अधिक भार झाला. १२ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब याच मापाने ३०० किलो भरतो. आता याच थराकडे उष्णतेच्या बाजूने पाहावे. दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार मातीत शिरताना दर दहा सेंटीमीटरला निम्म्याहून अधिक क्षीण होतो आणि तीन तासांहून थोडा अधिक उशीर करतो. याचा अर्थ असा, की छपराच्या पृष्ठभागावर ३० अंशांचा चढउतार असेल, तर ३० सेंटीमीटर खाली तो अडीच अंशांवर येतो आणि दुपारची झळ मध्यरात्रीनंतर आत पोचते. ६० सेंटीमीटर खाली तो अंशाच्या एका छोट्या अपूर्णांकाइतका उरतो. पहिल्या फुटाने जवळपास सर्व काम केलेले असते. दुसरा फूट गारव्यात नाममात्र भर घालतो, भूकंपाचे बल मात्र दुप्पट करतो. माळवदाला सरसकट दोषी ठरवणारा निवाडा त्यामुळे घाईचा म्हणावा लागतो. घातक होती ती वर्षानुवर्षांच्या डागडुजीतून साचलेली जास्तीची माती, आणि सांधेच नसलेली भिंत.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज सुमारे दोन लाख घरांची आहे त्या जागी दुरुस्ती, पुनर्बांधणी किंवा मजबुतीकरण करण्याचे काम हाती घेण्यात आले. नव्या वसाहतींची चर्चा भरपूर झाली. जुन्या घरांच्या मजबुतीकरणाची त्या मानाने कमी झाली, वास्तविक तांत्रिकदृष्ट्या तेच अधिक रंजक आहे. त्यातील उपाय साधे होते. छपरावरची जास्तीची माती उतरवायची. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी किंवा लोखंडी टेकू ठोकून सांगाड्याला आडवा जोर देता येईल असे करायचे. दारांच्या चौकटींवर, छपराच्या बुडाशी सर्व भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा बसवायचा, म्हणजे वेल्डमेशची जाळी खिळ्यांनी भिंतीला ठोकून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा. आणि भिंतीचे दोन पापुद्रे एकमेकांना गाठायचे. हे शेवटचे काम नाजूक असते. घणाचे घाव न घालता, पहारीच्या टोकाने एकेक दगड सैल करत भिंतीत आरपार भोक पाडले जाते, ते दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद ठेवले जाते, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले जाते, आणि साधारण मीटरभर अंतराने हीच क्रिया पुन्हा केली जाते. तयार होणारा प्रत्येक खुंटा आरपार दगडाचे काम करतो.

गावकऱ्यांचा कल मात्र दुसरीकडे गेला, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावता येत नाही. ज्या दगडमातीखाली आप्त गेले तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे अवघड होते. ज्यांना जमले त्यांनी सिमेंटचा स्लॅब टाकला, ज्यांना जमले नाही त्यांनी माळवद उतरवून पत्रे घातले. पत्र्याचे वजन लोखंडी सांगाड्यासह चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास. भूकंपाचा प्रश्न छपरापुरता मिटला. उन्हाचा प्रश्न मात्र उघडा पडला, कारण पारा ४० अंशांवर असताना उन्हातला पत्रा साठी ओलांडतो आणि ती उष्णता काही मिनिटांत खाली फेकू लागतो. दुपारी घरात बसवेनासे झाले, पंखा गरम हवा फिरवू लागला आणि पुढे ऐपतीप्रमाणे कूलर आले. आणखी एक उणीव उन्हाइतकी सहज लक्षात येत नाही : झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका जसा हाताने सहज तिरपा होतो, तशा वरून न बांधलेल्या चार भिंती एकेकट्या डुलतात, आणि नुसता टेकवलेला किंवा वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवून दाबलेला पत्रा त्यांना बांधू शकत नाही. पत्र्यावरचे हे दगड तर पुन्हा डोक्यावर टांगलेला धोकाच.

अशा घराची दुहेरी दुरुस्ती खर्चिक नाही. छपराच्या बुडाशी पट्टा, त्यात घट्ट बोल्ट केलेल्या कैच्या, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून ठोकलेले हलके छत आणि त्यावर पाच सेंटीमीटरचा उष्णतारोधक थर, इतक्याने दोन्ही गरजा बऱ्याच अंशी भागतात. उष्णतारोधक म्हणजे ज्यात अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते असे द्रव्य. थर्माकोलचा पाच सेंटीमीटरचा थर फूटभर मातीच्या जवळजवळ तिप्पट उष्णता-विरोध करतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला किलोभर असते. तो आग पकडतो, म्हणून त्याच्याखाली जिप्सम किंवा सिमेंटचा बोर्ड लागतोच. मात्र उष्णता साठवण्याचा मातीचा गुण थर्माकोलमध्ये मुळीच नाही. तो गुण जाड दगडी भिंतींत शाबूत असतो, आणि म्हणूनच भिंती पाडून टाकण्यापेक्षा त्या गाठून घेणे उष्णतेच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरते.

दगडी भिंत आणि वर भलतेच छप्पर, या जोडीचा अनुभव इटलीनेही घेतला आहे. तेथील डोंगराळ गावांतील घरांच्या भिंती मराठवाड्याप्रमाणेच दोन पापुद्र्यांच्या आणि मधल्या भरणीच्या असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजबुती आणण्याच्या हेतूने अनेक ठिकाणी जुनी लाकडी छपरे काढून काँक्रीटची टाकण्यात आली. भिंती मात्र तशाच राहिल्या. १९९७ च्या उंब्रिया प्रांतातील भूकंपात या जड छपरांनी खालच्या दुबळ्या भिंती चिरडल्याचे दिसून आले, आणि २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात, ज्यात सुमारे तीनशे माणसे गेली, आमात्रिचे या गावात तेच दृश्य पुन्हा दिसले : अखंड राहिलेले काँक्रीटचे छप्पर, आणि त्याखाली भिंतींचा ढिगारा. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला नोर्चा या जवळच्या गावाजवळ त्याहून मोठा, ६.५ तीव्रतेचा धक्का बसला. तेथील प्रसिद्ध बॅसिलिका कोसळली, परंतु १९७९ आणि १९९७ च्या भूकंपांनंतर पद्धतशीर मजबूत केलेली बहुतेक घरे उभी राहिली आणि जीवितहानी टळली. अर्थात ऑगस्टपासून पुष्कळ रहिवासी घराबाहेर राहत होते, हेही त्यात धरले पाहिजे.

इटलीचे वैशिष्ट्य असे, की हे दोन प्रश्न एका कायद्यात आणण्याचा प्रयत्न तेथे सर्वांत गंभीरपणे झाला. ऊर्जा वाचवणाऱ्या दुरुस्तीला प्राप्तिकरात सवलत २००७ पासून होती. २०१७ मध्ये भूकंप-दुरुस्तीच्या सवलतीला धोका-वर्गांची जोड मिळाली, आणि इमारतींना विजेच्या उपकरणांवरील ताऱ्यांप्रमाणे अ-अधिकपासून पुढे आठ श्रेणी देण्याची रीत ठरवण्यात आली. ही श्रेणी दोन मापांवर ठरते. एक माप जीविताच्या सुरक्षिततेचे. दुसरे, भूकंपांमुळे होऊ शकणाऱ्या नुकसानीची वर्षाकाठची सरासरी, पुनर्बांधणीच्या खर्चाच्या टक्केवारीत. ती अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर सर्वोच्च श्रेणी, साडेसात टक्क्यांवर गेली तर सर्वांत खालची. आणि दोन मापांपैकी जे वाईट ते इमारतीला लागू. हे दुसरे माप वरकरणी रुक्ष वाटले तरी कल्पक आहे, कारण त्यामुळे भूकंपाचा धोकाही वीजबिलाप्रमाणे वार्षिक रकमेत मांडता येतो आणि दोन्ही दुरुस्त्यांचा परतावा एकाच वहीत लिहिता येतो. २०१८ पासून सामाईक इमारतींत दोन्ही कामे एकत्र केल्यास खर्चाच्या ८० टक्के, आणि धोका दोन श्रेणींनी उतरल्यास ८५ टक्के करसवलत मिळू लागली.

पुढे २०२० मध्ये साथीच्या काळात अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी ही सवलत ११० टक्क्यांवर नेण्यात आली, आणि येथे योजनेचा तोल गेला. खर्चाहून अधिक रक्कम परत मिळणार असेल, तर घरमालकाला भाव करण्याचे कारणच उरत नाही. परांच्यांचे भाडे आणि साहित्याचे दर भडकले, खोटे दावे उघडकीस आले आणि सरकारी तिजोरीवरचा बोजा शंभर अब्ज युरोंच्या पलीकडे गेला. एकत्रित दुरुस्तीची कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही. पैसा कसा द्यावा याचा तो प्रश्न होता.

एकत्रित दुरुस्तीचा मुख्य आर्थिक आधार साधा आहे. बाहेरची भिंत मजबूत करायची असो वा तिला उष्णतारोधक चढवायचा असो, परांची बांधावी लागते, जुना गिलावा खरवडावा लागतो, खिडक्यांच्या कडा उघडाव्या लागतात, शेवटी नवा गिलावा आणि रंग द्यावा लागतो, आणि रहिवाशांना महिनोन्‌महिने धूळ खावी लागते. हा सर्व खर्च एकदाच केला तर दुसरे काम पुष्कळ स्वस्तात होते. ग्रीसमधील पात्रास विद्यापीठात थानासिस त्रियांताफिल्लू यांनी आणि पुढे युरोपीय आयोगाच्या इटलीतील इस्प्रा येथील संयुक्त संशोधन केंद्रात इतरांनी ज्या पद्धतीवर प्रयोग केले, तिच्यात तर दोन्ही थर एकाच वेळी चढतात : काच, बेसाल्ट किंवा कार्बनच्या तंतूंची विणलेली जाळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या गिलाव्यात दाबून बसवायची आणि तिच्यालगत उष्णतारोधक फळ्या लावायच्या. जाळी भिंतीला ताण सोसण्याची शक्ती देते आणि लोखंडासारखी गंजत नाही. युरोपीय संघाच्या इमारतींच्या ऊर्जेविषयीच्या २०२४ च्या निर्देशात मोठ्या नूतनीकरणाच्या वेळी तीव्र भूकंपाच्या धोक्याचाही विचार व्हावा अशी तरतूद आहे, तिच्यामागे हीच विचारसरणी आहे.

कामांचा क्रम मात्र चुकून चालत नाही. आधी उष्णतारोधक चढवला आणि पाच वर्षांनी खांबांना जॅकेटिंग करायचे ठरले, म्हणजे त्यांच्याभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचे आवरण घालायचे ठरले, तर आधीचे काम उखडून फेकावे लागते. मजबुतीसाठी बाहेरून जोडलेले लोखंड किंवा काँक्रीट उष्णतारोधकाला छेदून आत गेले, तर त्या जागी उष्णता-सेतू तयार होतो, म्हणजे उष्णतेला मोकळी वाट मिळते आणि थंड प्रदेशात तेथे ओल धरते. चिखलात रचलेल्या जुन्या भिंतीला दोन्ही बाजूंनी घट्ट सिमेंटचा गिलावा दिला तर आतली ओल आतच कोंडते आणि चिखल मऊ पडतो, त्यामुळे पट्ट्यांपुरते सिमेंट आणि बाकी भिंतीला चुना हे वाटप अधिक योग्य. वारा खेळावा म्हणून खिडक्या रुंद करण्याचा मोह दगडी आणि विटांच्या घरांत आवरावा लागतो. भिंतीतील मोकळ्या जागांच्या एकूण लांबीवर भारतीय मानकांनी मर्यादा घातलेली आहे, मजले वाढतील तशी ती कडक होते, आणि कोपऱ्याजवळ तर खिडकी नकोच.

शहरांतील काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतींत माळवदाची जागा कोब्याने घेतली आहे. गच्चीवर विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला, सरासरी चार-साडेचार इंच जाडीचा हा थर मुंबई-पुण्याकडे गळती थांबवण्याचा परंपरागत उपाय आहे. तो उन्हाचीही थोडीफार अडवणूक करतो. गळती पुन्हा सुरू झाली की जुना कोबा न काढता त्यावर नवा घातला जातो, आणि पांढऱ्या मातीचा इतिहास सिमेंटमध्ये पुन्हा घडतो. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर एका कोब्याचे वजन चाळीस टनांच्या वर जाते, दोन थरांचे ऐंशीच्या वर. आणि ते सर्व इमारतीच्या माथ्यावर, भूकंपात सर्वांत अधिक झोल बसतो तेथे. त्यातच इमारत खालच्या मजल्यावर भिंतींविना, केवळ खांबांवर उभी करून वाहनतळ केलेली असेल तर धोका वाढतो, कारण वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात आणि सारे झुकणे खालच्या खांबांना सोसावे लागते. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात, केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा रचनेच्या बऱ्याच इमारती कोसळल्या होत्या.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी काढलेल्या इको-निवास संहितेनुसार छपरातून आत येणाऱ्या उष्णतेचा गुणांक चौरस मीटर आणि अंशामागे १.२ वॉटच्या आत असावा लागतो. उघड्या स्लॅबचा तो तीनच्या आसपास असतो. ही अट पाळण्यासाठी दाट फोमचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर पुरतो, त्याचे वजन नगण्य असते, आणि वर पांढरा परावर्तक रंग दिला तर आणखी फरक पडतो. संहिता मुख्यतः नव्या बांधकामांना उद्देशून आहे. जुन्या इमारतींना गाठणारी महाराष्ट्रातील व्यवस्था म्हणजे संरचनात्मक तपासणी, बोलभाषेत स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींना ते बंधनकारक आहे. या अहवालांत सळयांचा गंज, तडे आणि गळती यांची नोंद तपशीलवार असते, परंतु भूकंपाचे आडवे बल इमारत कितपत सोसेल याची तपासणी क्वचितच केलेली आढळते, आणि उष्णतेचा तर रकानाच नसतो. वास्तविक २०१३ पासून जुन्या काँक्रीट इमारतींच्या भूकंप-मूल्यमापनाचे आणि मजबुतीकरणाचे भारतीय मानक उपलब्ध आहे. ऑडिटनंतर खांबांचे जॅकेटिंग, गिलावा, रंग आणि गच्चीचे काम ओघाने येतेच, म्हणजे परांची बांधली जाणारच असते. त्याच्या जोडीनेच तळमजल्यावर निवडक ठिकाणी काँक्रीटच्या भिंती, गंजलेल्या जड छज्ज्यांच्या जागी हलक्या धातूच्या झडपा आणि गच्चीवर फोम बसवता येतो. दर्शनी भिंतीवर ग्रॅनाइट चढवण्याच्या हौसेला मात्र याच वेळी आवर घालावा लागेल.

यातील गच्चीचे काम, म्हणजे तिच्यावरचा साचलेला कोबा उतरवून त्या जागी हलका थर देणे, बहुतेक सोसायट्यांना लगेच परवडण्यासारखे आहे. कंत्राटदार त्याला राजी नसतो, कारण नवा कोबा घालण्याचे पैसे सहज मिळतात आणि चाळीस-पन्नास टन राडारोडा डोक्यावरून जिन्याने खाली आणून शहराबाहेर टाकण्याचा दर निविदेत कोणी लिहीत नाही.